गैरहजर माणसाचे मत

हामासे या बंदरगावच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर गवती चटया अंथरलेली एक खोली आहे. खिडकी उघडली, तर शेजारच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या माकूळ-मासळीचा उग्र वास आत येतो. बंद केली, तर खालच्या दालनातल्या जुन्या कागदाचा. या दोन वासांच्या मधोमध, महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, गावाचे कादंबरी-मंडळ भरते. महिनाभरात वाचनालयातून नेलेल्या कादंबरीवर प्रत्येकाने आपले मत सांगायचे, चहा प्यायचा, दुसऱ्याचे मत कसे चुकीचे आहे ते ऐकवायचे आणि पुढची कादंबरी ठरवून घरी जायचे, एवढाच कार्यक्रम.

मंडळाचा नियमही एकच, आणि तो संस्थापकांनी अर्धवट थट्टेने केलेला. जो सभासद येणार नाही त्याचीही उशी मांडायची, त्याच्यापुढेही झाकणाच्या पेल्यात चहा ओतायचा, आणि त्याच्या उजव्या हाताला बसलेल्याने त्याचे मत सांगायचे. ‘तो असता तर म्हणाला असता’ असे नव्हे. ‘तो म्हणतो’ असे. घरी बसून कोणी टीकेतून सुटू नये, इतकाच हेतू. नाहीतरी दूर गेलेल्या माणसासाठी पान वाढण्याची रीत त्या किनाऱ्यावर घरोघर होतीच. नवरा समुद्रावर असला की बायका त्याचे ताट वाढीत, आणि वाटीच्या झाकणाला आतून दव धरले की ‘सुखरूप आहे’ म्हणून निःश्वास टाकीत. मंडळाने त्या ताटाला कादंबरी जोडली.

या खोलीत साकाकी घराण्याच्या हिसानोबाईंच्या शब्दाला मान होता. सोया सॉसचा त्यांचा कारखाना गावाइतकाच जुना. तो आता मुलगा ताकेओमी पाहत असे. परंतु पिंपाचे झाकण उचलण्यापूर्वी कामगारांची नजर आजही मालकिणीकडेच वळे. हिसानोबाई ताठ बसत, कमी बोलत, आणि ज्या माणसाला कादंबरीबद्दल मत नाही त्याने ती वाचून कागद मळवू नये, असे स्पष्ट म्हणत.

त्यांच्या डाव्या हाताची उशी त्यांचे यजमान त्सुनेओ यांची. एका शरद ऋतूत ते अळंबी गोळा करायला लार्च वृक्षांच्या टेकडीवर गेले ते परतले नाहीत. पायथ्याशी त्यांची सायकल झाडाला टेकवलेली सापडली. माणूस सापडला नाही, पाठीवरची पिशवी सापडली नाही, आणि पिशवीतली वाचनालयाची कादंबरीही नाही. त्या गोष्टीला कित्येक शरद उलटले. तेव्हापासून दर महिन्याला त्या उशीपुढे चहा ओतला जाई आणि हिसानोबाई उजवीकडून सांगत, “ते म्हणतात, यात मीठच फार. नीट आंबलेलं नाही, हे लपवायला मीठ घातलंय.” त्सुनेओ कादंबऱ्यांची पारख पिंपातल्या रसासारखी करीत असत. मंडळी हसत. त्या खोलीत त्यांच्याविषयी भूतकाळ कोणी वापरला नाही.

वापरला तो ताकेओमीने, घरी, जेवताना.

“आई, बाबा गेले,” तो म्हणाला. “कोर्टाच्या लेखी ते केव्हाच गेले. या शरदात, दिवस-रात्र समान होतात त्या पितरांच्या आठवड्यात, दगड उभा करू. तुझा शब्द हवा.”

“माझा शब्द म्हणजे काय, पिंपाची तोटी? फिरवली की आला?”

“लोक बोलतात.”

“लोकांना दुसरं काम काय! दगडावर नाव कोरलं की माणूस मेला, ताकेओमी. तोवर तो उशीर करतोय.”

मुलाने ताटात लक्ष घातले. परंतु पाथरवटाने दगड निवडून ठेवला आहे, हे त्याने सांगितले नाही आणि हिसानोबाईंनी ते ओळखले.

त्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरला. वैद्याकडून निघायला उशीर झाला आणि त्या वाचनालयाचा जिना चढून वर आल्या, तेव्हा त्यांच्या उशीवर कोणी दुसरेच बसले होते. इसोबे फुमी नावाची एक विधवा. दूरच्या प्रांतातून बहिणीकडे नुकतीच राहायला आलेली, मंडळात पहिल्यांदाच. कोणीतरी तिला सांगायला हवे होते. पण बसलेल्या पाहुण्याला उठवणे त्या गावात कोणाला जमत नाही; सगळे चहाच्या पेल्यांकडे पाहत राहिले. हिसानोबाईंनीही मान लववली आणि रिकामी उरलेली उशी घेतली. ती त्सुनेओंच्या डाव्या बाजूची होती.

कादंबरी गरम झऱ्याकाठच्या एका धर्मशाळेची होती, तीन सुना आणि एक सासू यांची. निवृत्त हेडमास्तर ओगाता यांनी तिची लांबलचक खरडपट्टी काढली. केशकर्तनालय चालवणाऱ्या त्सुरुयोला ती इतकी आवडली होती की तिने डोळे पुसले. मग पाळी रिकाम्या उशीची आली आणि सर्वांच्या ध्यानात एकदम आले, की उजवीकडे इसोबेबाई आहेत.

“तुम्ही बोलायचं,” ओगाता मास्तर म्हणाले. “नियम आहे. काहीही सांगा. तो माणूस काही भांडायला यायचा नाही.”

इसोबेबाई ओशाळल्या. हातरुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “ते म्हणतात, पुस्तक वाईट नाही, पण वेळेआधी पिळलंय. आणखी एक हिवाळा पिंपात राहायला हवं होतं.” जरा थांबल्या. “आणि म्हणतात, सासू मात्र हिला आवडणार. हुकूम सोडणारं कुणीही हिला आवडतं.”

खोली हसून लोटपोट झाली. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “वहिनी! साक्षात त्सुनेओ!”

हिसानोबाईही ओठांच्या कोपऱ्यातून हसल्या. घरी जाताना मात्र त्या वाकडी वाट करून त्सुरुयोच्या दुकानात शिरल्या.

“त्या बाईला तू काय काय सांगितलंस?”

“मी?” त्सुरुयोने कंगवा खाली ठेवला. “अहो हिसानोबाई, तिच्या केसांना मी अजून कात्री लावली नाही, तर जीभ कधी लावणार?”

“पिंप, पिळणी. ते शब्द तिला कुठून आले?”

“तुमच्या गावात राहायचं म्हणजे तुमच्या रसाचा वास नाकात जातोच की. घरी जा, गुडघ्याला शेक द्या.”

हे पटण्याजोगे होते. हिसानोबाईंना पटण्याजोग्या गोष्टी आवडत. त्यांनी ते पटवून घेतले, परंतु पुढल्या महिन्याच्या गुरुवारी त्या मुद्दाम लवकर आल्या, आपल्या जुन्या उशीवर बसल्या नाहीत, आणि इसोबेबाई दारात दिसताच हाताने जागा दाखवीत म्हणाल्या, “तुम्ही तिथंच बसा.”

त्या महिन्याची कादंबरी नदीकाठच्या दोन बहिणींची होती. धाकटी तरीतून निघून जाते; थोरली काठावर उभी राहते आणि रडत नाही. या न रडण्यावर हिसानोबाईंनी महिनाभर विचार केला होता. आपले मत त्यांनी मनात नीट बांधून आणले होते, शब्द न् शब्द, जसे त्या नेहमी आणीत.

इसोबेबाईंची पाळी आधी आली.

“ते म्हणतात, आवडली. पण सावकाश वाचावी लागली. तिथं उजेड कमी आहे आणि लार्चची पानं सारखी गळतात. पान उघडं ठेवलं की भरून जातं.”

“लार्चची!” त्सुरुयो म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला.

“आणि म्हणतात...” इसोबेबाई थांबल्या. आपल्याच शब्दांची वाट पाहत असाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला. “म्हणतात, ‘माझी बायको आज आली नाही, म्हणून तिचं मत मी सांगतो. थोरली रडत नाही ते ती कठोर आहे म्हणून नव्हे. रडली, तर बहीण गेली असं कबूल केल्यासारखं होईल. न रडणं हीच तिची वाट पाहण्याची रीत.’”

खिडकीबाहेर दोरीवरची माकुळे वाऱ्याने एकमेकांवर कोरडी आपटत होती.

“वहिनी,” ओगाता मास्तर म्हणाले, “आता तुमचं.”

हिसानोबाईंनी ओठ उघडले. त्यांच्यापाशी सांगायला काहीही उरले नव्हते. जे होते ते सगळे, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, सांगून झाले होते.

“माझं मत सांगून झालं,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी नजरेने उशा मोजल्यासारखे केले. मग सावकाश, वर्गात फळ्यावरची चूक स्वतःच्याच हातची निघाल्यासारखे ते बोलले, “जागा बदललीत तुम्ही. आधी तुम्ही त्याच्या उजवीकडे होता. आता तो तुमच्या उजवीकडे आहे. नियमानं तुमचं मत सांगायचा हक्क त्याचाच.”

“गैरहजर माणसाचं, मास्तर. मी तर इथं बसलेय.”

“हो. हो, तेच म्हणतो मी,” मास्तर म्हणाले, आणि चहा थंड झाल्याची तक्रार करू लागले.

जिन्यावर हिसानोबाईंनी इसोबेबाईंचा हात धरला. तो ऊबदार होता, जरासा खरखरीत. भांडी घासणाऱ्या कोणाही बाईचा असावा तसा.

“कोण सांगतं तुम्हाला? आवाज ऐकू येतो?”

“नाही हो बाई. जिभेच्या टोकावर एखादा शब्द अडतो ना, आणि एकदम सुटतो? तसं. तिथं कुणीकुणी बसलेलं असावं, इतकंच वाटतं. मंडळच. त्यांचाही नियम हाच. आणि तुमच्या यजमानांच्या डावीकडची उशी रिकामी असते. चहा ठेवलेला असतो.” त्यांनी हात हलकेच सोडवून घेतला. “मी येत नाही पुढच्या खेपेला. मला बरं वाटत नाही यानं.”

“तुम्ही याल,” हिसानोबाई म्हणाल्या. आणि मग, ज्या बाईने उभ्या आयुष्यात कोणाला विनवले नव्हते तिने, खालच्या पायरीवरून वर पाहत म्हटले, “कृपा करून या.”

पुढची कादंबरी त्यांनीच निवडली. त्सुनेओंच्या पिशवीतून टेकडीवर गेली होती तीच. वाचनालयाने त्यांच्या शब्दाखातर जिल्ह्याच्या गावाहून दुसरी प्रत मागवली. त्या घराची वाचनाची एक पद्धत होती. नवरा-बायको एकच प्रत आणीत. दिवसा ती त्सुनेओंची, रात्री हिसानोबाईंची. परंतु शेवटचे प्रकरण कोणी एकट्याने वाचायचे नाही. ते दोघांनी शेजारी बसून, एकाच वेळी. यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडण झाले होते आणि नंतर कधीच नाही. ही कादंबरी एका नावाड्याची आणि त्याच्या बायकोची होती. नाव धुक्यात शिरते, तिथवर दोघांचे वाचून झाले होते. पुढचे प्रकरण शेवटचे. ते हिसानोबाईंनी इतक्या शरदांत कधी उघडले नाही, आणि आताही उघडले नाही.

एका बाजूला ताकेओमीची घाई चालूच होती. “आई, पितरांचा आठवडा आला. पाथरवट कुगा विचारतोय.”

“गुरुवारचं मंडळ होऊ दे. मग सांगते.”

“मंडळाचा आणि बाबांच्या दगडाचा काय संबंध?”

“तुझा आणि कादंबरीचा काय संबंध, ते आधी सांग,” त्या म्हणाल्या. मुलाने हात टेकले.

गुरुवारी आभाळ स्वच्छ होते. इसोबेबाई आल्या, अंग चोरून बसल्या. मास्तरांनी आपले मत चार वाक्यांत संपवले. त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे भाषण असावे. त्सुरुयोने कधी नव्हे ते काहीच थट्टा केली नाही.

“शेवट कसा वाटला त्यांना?” हिसानोबाईंनी विचारले. याहून वेगळे काही विचारायला नियम परवानगी देत नव्हता. आवाज अगदी सरळ होता. मांडीवरचे हात मात्र एकमेकांना घट्ट धरून होते.

इसोबेबाईंनी डोळे मिटले.

“ते म्हणतात, शेवट वाचला नाही. नाव धुक्यात शिरते तिथं फुलाची काडी ठेवलीय. म्हणतात, ‘ती मागून येऊन शेजारी बसेल म्हणून थांबलोय. कबूल केलं होतं.’”

“म्हणतात, ‘पण इथली मंडळी म्हणतात की आता पुष्कळ झालं. किती दिवस उशी मांडायची? दिवस-रात्र समान होतील त्या दिवशी तिच्या नावाचं सगळं उरकायचं ठरलंय. मीही हो म्हटलं. त्यानंतर शेवटचं प्रकरण मी एकटाच वाचीन.’”

“नाही,” हिसानोबाई म्हणाल्या.

“वहिनी...”

“त्यांना सांगा, मी आहे. सांगा, वाचू नका. मी इथं आहे, जिवंत आहे, सांगा त्यांना!”

इसोबेबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते. “मला फक्त मत येतं हो बाई. इकडून निरोप जात नाही.”

त्या संध्याकाळी हिसानोबाईंनी मुलाला समोर बसवले.

“दगड उभा कर.”

ताकेओमीने इतक्या सहज होकाराची अपेक्षा केली नव्हती. “आई, खरंच?”

“दोन्ही नावं कोर. त्यांचं उजवीकडे, माझं डावीकडे. आणि माझ्या नावात तांबडा रंग भर.”

यात त्याला नवल वाटले नाही. जोडप्यातले एक मागे राहिले असेल, तर दगडावर त्याचेही नाव आधीच कोरतात आणि ते जिवंत आहे हे कळावे म्हणून अक्षरांत तांबडा रंग भरतात. ते माणूस गेले की पाथरवट येऊन तो रंग खरवडून काढतो. गावच्या दफनभूमीत अशी तांबडी नावे पुष्कळ होती.

“भरतातच की, आई.”

“भरतात तसा नको. असा भर की धुक्यातूनही वाचता यावा.”

जो निरोप इसोबेबाईंच्या हाती जात नव्हता तो त्यांनी दगडाच्या हाती दिला होता. मुलाला ते कळले नाही, आणि कळावे अशी त्यांची इच्छाही नव्हती.

दफनभूमी समुद्रावरच्या उतारावर आहे. त्या दिवशी दुपारी घरची माणसे, मंडळातली माणसे आणि मठातले वृद्ध भिक्षू असे थोडे लोक जमले. समुद्र स्थिर होता. हिसानोबाईंनी काळा किमोनो नेसला होता आणि काखेत ती कादंबरी होती. पाथरवट कुगाने पांढरे कापड ओढले.

दगडावर तांबडे नाव एकच होते.

ते उजवीकडचे होते. साकाकी त्सुनेओ.

“कुगा!” ताकेओमी ओरडला. “जिवंत कोण आणि गेलेलं कोण, एवढं कळत नाही तुला?”

पाथरवट वाकून वाकून जमिनीला लागला. “मालक, डावीकडचं भरलं. काल या हातांनी भरलं. उजवीकडे ब्रश नेला नाही मी. मालकीणबाई, आईशप्पथ.”

हिसानोबाई पुढे झाल्या. त्यांनी चष्मा लावला. यजमानांच्या नावातला तांबडा रंग ताजा नव्हताच. तो विटला होता. पुष्कळ पावसांनी धुतला जावा तसा, आणि अक्षरांच्या कडांना हिरवट शेवाळ धरले होते. कालच घासून आणलेल्या दगडावर. कोणीतरी किती वर्षे हा माणूस जिवंत धरून ठेवला होता, ते त्या रंगात वाचता येत होते.

त्यांचे स्वतःचे नाव स्वच्छ होते. त्यांनी पहिल्या अक्षराच्या खाचेत बोट घातले. तळाशी रंगाचे कण होते. कुगा खोटे बोलत नव्हता. तांबडे भरलेले होते. ते बारीक पटाशीने, फार काळजीने, कडा न दुखावता काढून घेतले होते. चौथऱ्यावर त्याचा तांबडा भुगा पडलेला होता, आणि वाऱ्याने तो अजून हलवलाही नव्हता.

“मी आत्ता दुरुस्त करतो,” पाथरवट म्हणाला.

“राहू दे.”

“आई, असं कसं राहू देणार? लोक...”

“राहू दे म्हटलं ना. उदबत्त्या लावा, प्रार्थना करा आणि खाली चला. मी येते.”

त्यांच्या शब्दाबाहेर कोणी गेले नाही. प्रार्थना झाली. मंडळी एकेक करून पायऱ्या उतरू लागली. इसोबेबाई शेवटी निघाल्या. जाताना त्यांनी वळून दगडाकडे पाहिले, त्याच्याजवळच्या बाईकडे नाही.

हिसानोबाई चौथऱ्याच्या कडेवर, डाव्या बाजूला बसल्या. त्यांनी कादंबरी उघडली. नाव धुक्यात शिरत होती. आज दिवस-रात्र समान होते. तिकडे पान उलटले गेले असणार, किंवा आत्ताच उलटले जात असणार. त्यांनी शेवटचे प्रकरण वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळी घाईने वाचल्या. मग त्यांचा श्वास एका जुन्या, ओळखीच्या संथ गतीवर आला आणि त्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेगाने वाचू लागल्या.

खाली गाड्यांच्या दारांची उघडमीट झाली.

“सगळे आले ना?” ताकेओमीचा आवाज स्पष्ट वर आला.

“आले, आले,” त्सुरुयो म्हणाली. “कोणी राहिलं नाही.”

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. उतार फार मोठा नव्हता. हिसानोबाईंनी मान वर केली, गाड्या वळणाआड जाईपर्यंत पाहिले, आणि हाक मारली नाही.

पान संपत आले होते. त्या खालच्या ओळीशी थांबल्या, यजमानांचे वाचून व्हायची वाट पाहत.